बेरीज न होणारी उत्तरे

भौतिकशास्त्राचे बरेचसे यश एका सोयीवर उभे आहे. दोन उत्तरे हाती असली की त्यांची बेरीजही उत्तर ठरते, ही ती सोय. रेडिओच्या अँटेनावर एकाच क्षणी अस्मितावाहिनीच्या आणि विविध भारतीच्या लहरी येऊन पोचतात. त्या एकमेकींतून आरपार जातात, एकीमुळे दुसरीचे काही बिघडत नाही, म्हणून तर बटण फिरवून त्या वेगळ्या काढता येतात. मॅक्सवेलची विद्युत्चुंबकीय समीकरणे ‘रेषीय’ आहेत याचा व्यवहारातला अर्थ हाच. अशा समीकरणांपुढे गणिती निर्धास्त असतो. गुंतागुंतीच्या लहरीचे साध्या लहरींत तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा स्वतंत्र सोडवायचा आणि शेवटी सगळे मिळवायचे. जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेवरील आपल्या ग्रंथात ही रीत मांडली आणि पुढची दोनशे वर्षे विज्ञानाने तिच्यावर संसार केला.

आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणात ही सोय उरत नाही. न्यूटनच्या सिद्धांतात निदान क्षेत्रांची तरी बेरीज होते. सूर्याचे गुरुत्वीय क्षेत्र आणि गुरूचे गुरुत्वीय क्षेत्र मिळवले की दोघांचे एकत्र क्षेत्र मिळते. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात ऊर्जा असेल तिथे गुरुत्वाकर्षण असते, आणि गुरुत्वाकर्षणात स्वतःतही ऊर्जा असते. म्हणजे गुरुत्वाकर्षणातून आणखी गुरुत्वाकर्षण निर्माण होते, त्यातून आणखी. एका ताऱ्याचे उत्तर ठाऊक, दुसऱ्याचेही ठाऊक. तरी दोन ताऱ्यांचे उत्तर मात्र अजिबात ठाऊक नाही, अशी स्थिती येते. समीकरणे दहा, एकमेकांत गुंतलेली, आणि त्यांतील अज्ञात राशी स्थळ-काळाच्या चारही मापांबरोबर बदलणाऱ्या.

अशी अरेषीय समीकरणे सोडवण्याची सर्वसाधारण रीत नाही. गेल्या शंभर वर्षांत जे काही मिळाले ते प्रत्येक वेळी काहीतरी सोडून देऊन मिळाले. कुणी अचूकपणा सोडला, कुणी व्यापकता, आणि एकाने तर उत्तर मिळवण्याचा आग्रहच सोडला. म्हणून या क्षेत्रात हाती आलेल्या प्रत्येक उत्तराला एक प्रश्न विचारावाच लागतो: यात जे दिसते आहे ते निसर्गाचे, की आपण सोयीसाठी केलेल्या गृहीतकाचे? हे प्रकरण या प्रश्नाचे आहे.

अचूकपणा सोडण्याचा मार्ग पहिल्यांदा खुद्द आइन्स्टाइननेच घेतला. बुधाची कक्षा हळूहळू फिरते आणि इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही शतकाला काही विकला शिल्लक राहतात, हे खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए याने १८५९ मध्ये दाखवले होते. पुढे तो आकडा ४३ विकलांवर स्थिरावला. बुधाच्या अंतरावर सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची सापेक्षतेच्या दृष्टीने ताकद किती, तर साधारण चार कोटींत एक भाग. एवढ्या लहान राशीचा वर्ग तर नगण्यच. तेव्हा आधी न्यूटनचे उत्तर घ्यायचे, त्यात पहिली दुरुस्ती करायची, मग तिच्याहून बारीक दुसरी, आणि पुढच्या सोडून द्यायच्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये, अंतिम समीकरणे प्रसिद्ध होण्याच्या एक आठवडा आधी, आइन्स्टाइनने या रीतीने नेमक्या ४३ विकला काढून दाखवल्या. सौरमालेत ही पद्धत उत्तम चालते. गुरुत्वाकर्षण तीव्र झाले की मात्र दुरुस्त्या लहान राहत नाहीत आणि पद्धत कोसळते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आइन्स्टाइनला रशियाच्या आघाडीवरून पत्र आले. लिहिणारा कार्ल श्वार्झशिल्ड. हा पॉट्सडॅम वेधशाळेचा संचालक, चाळिशी ओलांडलेला, स्वेच्छेने सैन्यात गेलेला आणि तिथे तोफगोळ्यांच्या मार्गांची गणिते करणारा. त्याने एक अचूक उत्तर काढले होते. युक्ती अशी: तारा पूर्ण गोल आहे, स्थिर आहे आणि त्याच्या बाहेर रिकामी जागा आहे असे धरा. मग दिशेला महत्त्व उरत नाही, काळालाही नाही; उरते फक्त केंद्रापासूनचे अंतर. चार चलांचा गुंता एका चलावर येतो आणि समीकरणे कागदावर सुटतात. अचूक उत्तर इतक्या साधेपणाने मिळेल असे आइन्स्टाइनलाही वाटले नव्हते. जानेवारी १९१६ मध्ये त्याने ते बर्लिनच्या अकादमीपुढे सादर केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात श्वार्झशिल्ड आघाडीवर जडलेल्या त्वचारोगाने वारला.

त्याच्या उत्तरात दोन ठिकाणी सूत्र बिघडत होते: केंद्राशी, आणि केंद्रापासून एका ठरावीक अंतरावर. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी हे अंतर सुमारे ३ किलोमीटर. वर सांगितलेला प्रश्न इथे पहिल्यांदा बोचू लागला. तीन किलोमीटरवरचा बिघाड खरा नाही, तो मोजमापाच्या चौकटीचा दोष आहे, हे नीट उमगायला काही दशके लागली. चौकट बदलली की तो जातो. ते अंतर म्हणजे कृष्णविवराची सीमा. केंद्रातला बिघाड मात्र चौकट बदलूनही जात नाही. तिथे वक्रता अनंत होते. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. पण ती खरोखरच्या ताऱ्यात होईल का? खरा तारा पूर्ण गोल कुठे असतो?

विश्वाच्या बाबतीत हीच युक्ती पेट्रोग्राडच्या अलेक्झांडर फ्रीडमनने १९२२ मध्ये वापरली. तो हवामानशास्त्राचा माणूस, म्हणजे अरेषीय समीकरणांशी रोजचा सामना असलेला. विश्व सगळीकडे सारखे आणि सर्व दिशांना सारखे आहे असे त्याने धरले. मग काळ हे एकच चल उरते, आणि विश्वातील अंतरे किती पटींनी वाढली हे सांगणारी एकच राशी शोधायची राहते. तिला आपण विश्वाचे माप म्हणू. फ्रीडमनच्या उत्तरांत हे माप स्थिर राहत नव्हते. विश्व प्रसरण पावत होते किंवा आकुंचत होते. आइन्स्टाइनने आधी त्याच्या गणितात चूक काढली आणि मे १९२३ मध्ये आक्षेप मागे घेतला. फ्रीडमन १९२५ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, विषमज्वराने गेला. दूरच्या दीर्घिका अंतराच्या प्रमाणात दूर पळताहेत, हे हबलने १९२९ मध्ये दाखवले. ते पाहायला तो राहिला नाही.

इथे थोडे थांबून एक गणित पाहण्यासारखे आहे, कारण अरेषीय समीकरणाचे सोंग कसे उतरवता येते ते त्यात लख्ख दिसते. सपाट अवकाशाचे, सामान्य पदार्थाने भरलेले विश्व घ्या आणि आइन्स्टाइनने समीकरणांत मिळवलेले एक जादा पद, म्हणजे वैश्विक स्थिरांक, तोही धरा. प्रसरणाचा दर कसा बदलतो हे सांगणाऱ्या समीकरणात त्या दराचा वर्ग येतो. हा वर्गच सगळ्या अडचणीचे मूळ. पण असे वर्ग असलेले समीकरण व्हेनिसच्या परिसरात राहणाऱ्या याकोपो रिकाटी या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच अभ्यासले होते, आणि त्यावरचा उतारा ठाऊक होता. तो दर एका नव्या राशीच्या शेकडेवारी वाढीच्या रूपात लिहायचा; तसे केले की वर्गाची दोन पदे एकमेकांना खोडतात आणि मागे उरते रेषीय समीकरण.

विश्वाच्या बाबतीत ही नवी राशी कोणती? एखाद्या मोठ्या प्रदेशाचे घनफळ घ्या आणि त्याचे वर्गमूळ काढा. बस्स, तीच. विश्वाचे माप अरेषीय नियमाने वागते, पण घनफळाचे वर्गमूळ शाळेत शिकलेल्या साध्या नियमाने वागते. वैश्विक स्थिरांक शून्य असेल तर हे वर्गमूळ काळाच्या सरळ प्रमाणात वाढते, आलेख म्हणजे निव्वळ सरळ रेषा. आइन्स्टाइन आणि डी सिटर यांनी १९३२ मध्ये सुचवलेले विश्व हेच. स्थिरांक धन असेल तर या राशीच्या वाढीचा प्रवेग तिच्या स्वतःच्या प्रमाणात असतो. ऋण असता तर हेच समीकरण स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे झाले असते आणि विश्व प्रसरण पावून पुन्हा मिटले असते.

धन स्थिरांकाच्या समीकरणाची दोन सुटी उत्तरे आहेत: एक चक्रवाढीने वाढणारे, दुसरे त्याच गतीने घटणारे. समीकरण आता रेषीय असल्यामुळे त्यांची बेरीज-वजाबाकी करायला मोकळीक आहे. वाढणाऱ्यातून घटणारे वजा केले की आपल्या विश्वाचा इतिहास मिळतो. आरंभी दोन्ही जवळजवळ सारखी असल्याने फरक सावकाश, सरळ रेषेत वाढतो; हा पदार्थाच्या ओढीने प्रसरण मंदावण्याचा काळ. पुढे घटणारे उत्तर विझते, वाढणारे एकटे उरते आणि प्रसरण वेग घेऊ लागते. पदार्थ ३० टक्के आणि उरलेले स्थिरांकाचे असे धरले, तर हे वळण सुमारे ६०० कोटी वर्षांपूर्वीचे येते. आइन्स्टाइनच्या समीकरणांनी हिरावलेली बेरीज एका कोपऱ्यात अशी परत मिळते. मला या विषयातली ही फार देखणी जागा वाटते.

तिचा व्यवहारातला उपयोगही मोठा. दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर हा प्रसरणाचा आजचा वेग धरला, तर त्याच्या व्यस्तातून सुमारे १४०० कोटी वर्षे हा काळ मिळतो. सरळ रेषेच्या विश्वाचे वय त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ९३० कोटी वर्षे. तारकागुच्छांतील जुने तारे याहून वयस्कर दिसत, ही विसाव्या शतकाच्या अखेरीची मोठी डोकेदुखी होती. वजाबाकीच्या सूत्रातून मात्र साधारण १३५० कोटी वर्षे येतात. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले, तेव्हा हे सूत्र पाठ्यपुस्तकातून प्रत्यक्षात आले. आज मान्य असलेले १३८० कोटी हे वय याच घराण्यातले, बारीक मोजमापांनी सुधारलेले.

सममितीच्या मार्गावर आपल्याकडेही मोलाचे काम झाले. कोल्हापूरला जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते. जयंत नारळीकर हे त्यांचे पुत्र. प्रह्लाद चुनीलाल वैद्य हा गुजरातचा तरुण विष्णू वासुदेवांकडे सापेक्षता शिकायला गेला. श्वार्झशिल्डचा तारा काळोखा होता. खरे तारे प्रकाश फेकतात आणि त्यामुळे त्यांचे वस्तुमान घटत जाते. १९४३ मध्ये वैद्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये अशा ताऱ्याचे अचूक उत्तर प्रसिद्ध केले. गोलाई कायम ठेवून स्थिरता त्यांनी सोडली होती. पुढे येणारा एक वाद त्यांच्या उत्तरावरच रंगला.

पण गोलाई सोडली तर? विश्व सगळीकडे सारखे नसेल, वेडेवाकडे पसरत असेल, स्वतःभोवती फिरत असेल, तर भूतकाळातला, विश्वाचे माप शून्य होण्याचा, अनंत घनतेचा क्षण टळेल का? १९५०च्या सुमारास बऱ्याच जाणकारांना तो टळेल असे वाटे. सगळे कण नेमके केंद्राकडे रोखले तर ते एका बिंदूत भेटणारच. थोडे इकडेतिकडे रोखले तर एकमेकांना चुकवून निघून जातील. कलकत्त्याला इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये अमल कुमार रायचौधुरी या प्रश्नाच्या मागे लागले. सापेक्षतेतले त्यांचे काम जवळजवळ एकट्यानेच चालले होते. १९५५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त आलेल्या त्यांच्या निबंधात आइन्स्टाइनची समीकरणे सोडवलेलीच नाहीत. त्यांनी वेगळे काहीतरी विचारले.

पदार्थकणांचा एक छोटा पुंजका घ्या आणि त्याचे घनफळ कोणत्या दराने वाढते ते पाहा. हा दर कसा बदलतो याचे समीकरण रायचौधुरींनी कोणतीही सममिती न धरता लिहिले. तेही रिकाटीच्याच जातीचे निघाले. पदार्थाची ओढ प्रसरणाला आवरते. पुंजक्याचा आकार लांबट-चपटा होणे, ज्यामुळे सिंग्युलॅरिटी टळेल अशी आशा होती, तेही उलट आकुंचनालाच मदत करते. फिरणे एवढेच काय ते विरोधात जाते.

आता फिरणे आणि वैश्विक स्थिरांक दोन्ही शून्य धरून मनाशी आलेख काढा: आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर पुंजक्याची सरासरी लांबी-रुंदी. समीकरण एवढेच सांगते की हा आलेख सतत खालच्या बाजूला वाकलेला असतो. आज तो चढता आहे. आजच्या बिंदूपाशी स्पर्शरेषा काढून मागे न्या. ती १४०० कोटी वर्षांपूर्वी शून्याला मिळते. खाली वाकणारी वक्ररेषा आपल्या स्पर्शरेषेच्या वर कधीच जात नाही. म्हणून आलेखाने १४०० कोटी वर्षांच्या आत कधीतरी शून्य गाठलेलेच असले पाहिजे. विश्व नेमके कसे होते, कुठे दाट, कुठे विरळ, यातले काहीही न सांगता एवढे कळते. उत्तर न काढता उत्तराचे भवितव्य सांगणे, ही अरेषीय गणितातली सर्वांत धाडसी रीत आहे आणि रायचौधुरींनी ती सापेक्षतेत आणली. वैश्विक स्थिरांक असेल तर आलेख वरही वळू शकतो, आणि आपल्या विश्वात अलीकडच्या काळात तो वळलेलाच आहे. त्यामुळे युक्तिवाद या सोप्या रूपात जसाच्या तसा लागू होत नाही. पण पदार्थाचे राज्य होते त्या जुन्या काळावर त्याची पकड पक्की आहे.

एक फट राहिली होती. कणांच्या वाटा एकत्र आल्या म्हणजे अवकाश-काल संपलाच असे नाही. ही फट रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये ताऱ्यांच्या कोसळण्यापुरती बुजवली. कणांऐवजी प्रकाशकिरण घेतले, त्यांना रायचौधुरींच्या समीकरणाचे प्रकाशाला लागू होणारे रूप लावले आणि संस्थितीशास्त्राची जोड दिली. गुरुत्वाकर्षण एका मर्यादेपलीकडे गेले की तारा गोल असो वा नसो, सिंग्युलॅरिटी अटळ आहे, असे तीन पानांच्या निबंधात त्यांनी सिद्ध केले. दोनच वर्षे आधी लिफशिट्झ आणि खालात्निकोव्ह या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी नेमका उलट दावा केला होता. पुढे त्यांनी तो सोडला. पेनरोज यांना या कामासाठी २०२०चे नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी २००५ मध्येच गेले होते.

उरला आकड्यांचा मार्ग. एकमेकांभोवती फिरत विलीन होणाऱ्या दोन कृष्णविवरांना ना सममिती लागू, ना लहान दुरुस्त्यांची पद्धत. तिथे अवकाश-कालाची जाळी करून संगणकाला क्षणाक्षणाने पुढे सरकायला सांगायचे. पहिला प्रयत्न १९६४ मध्ये झाला आणि नंतरची चाळीस वर्षे महासंगणकही हात टेकत राहिले. दहापैकी चार समीकरणे पुढचे पाऊल सांगत नाहीत, ती प्रत्येक क्षणी पाळायची बंधने असतात. बेरीज-वजाबाकीतली सूक्ष्म चूक त्या बंधनांपासून किंचित ढळते, अरेषीय समीकरणे त्या ढळण्याला खतपाणी घालतात आणि काही पावलांत सगळे गणित फुटते.

फ्रान्स प्रिटोरियस यांनी २००५ मध्ये ही कोंडी फोडली. त्यांनी निवडलेल्या मोजमापाच्या चौकटीचे मूळ इव्हॉन शोके-ब्रुहा या फ्रेंच गणितज्ञ विदुषीच्या १९५२च्या सिद्धतेत आहे. आइन्स्टाइनची समीकरणे विशिष्ट चौकटीत लिहिली तर ती लहरींच्या समीकरणासारखी दिसतात आणि आरंभीच्या स्थितीवरून पुढची स्थिती निश्चित होते, असे तिने दाखवले होते. प्रिटोरियस यांनी त्यात बंधनांपासून ढळणारी चूक आपोआप दाबून टाकणारी पदे घातली. काही महिन्यांत इतर दोन गटांनी वेगळ्या रीतीने हेच साधले.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत अशाच दोन विवरांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरींची सुमारे ०.२ सेकंदाची थरथर नोंदली गेली, तेव्हा या सगळ्या वाटा एका ठिकाणी आल्या. विवरे लांब असतानाचा भाग लहान दुरुस्त्यांच्या पद्धतीने, विलीनीकरणाचा क्षण संगणकाने, आणि नंतर नव्या विवराचे निनादत शांत होणे ज्या रीतीने मांडले ती भारताच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये श्वार्झशिल्डच्या उत्तराला हलके धक्के देऊन शोधलेली. गोंगाटात बुडालेला असा संकेत आधी काढून ठेवलेल्या आकृत्यांशी जुळवून ओळखायच्या तंत्रावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर नव्वदच्या दशकापासून काम करत होते. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन विवरे मिळून ६२ पटींचे एक झाले होते. उरलेले तीन सूर्य लहरींच्या रूपात निघून गेले. भारतातली लायगो हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे.

संगणकाने मात्र एक असे दाखवले, जे कागदावर कुणाला सुचले नव्हते. पेनरोज यांनी १९६९ मध्ये अंदाज बांधला होता की निसर्ग सिंग्युलॅरिटी उघडी ठेवत नाही, ती नेहमी कृष्णविवराच्या आत झाकलेली असते. याला आव्हान देणारी उदाहरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी आणि त्यांचे सहकारी आय. एच. द्विवेदी यांनी १९८९ मध्ये वैद्यांच्या उत्तरातून काढली. तिथे योग्य प्रमाणात आत कोसळणाऱ्या प्रारणातून उघडी सिंग्युलॅरिटी निर्माण होते. त्यावर आक्षेप जुनाच: हा गोलाईचा परिणाम तर नव्हे? १९९३ मध्ये मॅथ्यू चॉप्टुइक यांनी, गोलाई धरूनच, आत कोसळणाऱ्या लहरीचा जोर संगणकावर हळूहळू बदलत नेला. जोर कमी असला की लहर पांगते, जास्त असला की विवर होते. या दोन शक्यतांच्या नेमक्या सीमेवर तोच आकृतिबंध दर वेळी सुमारे तीसपट लहान होत पुन्हापुन्हा उमटत जातो आणि शेवटी विवराशिवाय, उघडीच, अनंत वक्रता उरते.

स्टीफन हॉकिंग यांनी १९९१ मध्ये किप थॉर्न आणि जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली होती की उघडी सिंग्युलॅरिटी असू शकत नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांनी ती हरल्याचे मान्य केले आणि लगेच नवी लावली. या वेळी अट घातली की आरंभीची स्थिती सर्वसाधारण हवी, चॉप्टुइकसारखी मुद्दाम नेमक्या बिंदूवर जुळवलेली चालणार नाही. ही दुसरी पैज अजून कुणी जिंकलेली नाही.